भीतीचा सिनेमा आणि काकींची ओसरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा ठरलेली असते, ती आतल्या खोलीत चहाच्या पातेल्यापाशी. यंदा चिटणीसबाईंनी माझ्या हातातले गाळणे काढून घेतले आणि सांगितले, "तुम्हांला 'बालपणीच्या आठवणी' या विषयावर बोलायचे आहे." मी पुष्कळ आढेवेढे घेतले. मी सातवी पास. भाषण कधी केले नाही. शाळेत एकदा पंधरा ऑगस्टला केले, तेही मध्येच विसरले आणि 'जय हिंद' म्हणून पळाले. पण बाई ऐकेनात. तेव्हा माझे मोडकेतोडके चार शब्द आपण गोड मानून घ्यावेत.

बालपणीच्या आठवणी म्हटल्या की भोंडला, सागरगोटे, चिंचा-बोरे असे काही तरी मी सांगेन, अशी आपली अपेक्षा असेल. ते सगळे मीही केले. परंतु रात्री झोप लागेनाशी झाली की मला आठवते ती गोष्ट निराळी आहे. मला आठवतात आमच्या शाळेच्या पटांगणावर दाखवलेले भीतीचे सिनेमे, आणि ते पाहून आल्यावर शेजारच्या काकींच्या ओसरीवर पाहिलेला टेलिव्हिजन. त्या भीतीची आणि त्या उबेची मला अजून ओढ वाटते. तशी त्यात एक बोचही आहे. ती मी आजवर चारचौघींत सांगितलेली नाही. आज सांगणार आहे.

माझे माहेर पुरंदर तालुक्यातले. सासवडहून एस.टी.ने तासाभराची वाट. मी सांगते तो काळ १९८७-८८ सालचा. मी तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत होते, आणि माझा धाकटा भाऊ पहिलीत. हिवाळा सुरू झाला की गावात एक सरकारी जीप येई. गावकरी तिला 'शिनेमाची गाडी' म्हणत. दुपारभर ती भोंगा लावून वाड्यावस्त्यांवरून फिरे, आणि दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात दोन बांबू रोवून त्यांना पांढरा पडदा बांधला जाई. आम्ही पोती, घोंगड्या घेऊन आधीच जागा धरलेली असे. पुढे मुले, एका अंगाला बायका, मागे पुरुषमाणसे. ओढ्यापलीकडे दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टी लागे. भट्टीवर काम करणारी परगावची माणसेही सिनेमाला येत, पण ती आमच्यात बसत नसत. ती पडद्याच्या पाठीमागे बसत. तिकडून चित्र दिसे, पण अक्षरे उलटी दिसत. त्यांना त्याचे काही वाटत नसावे, कारण त्यांतल्या कोणालाच वाचता येत नव्हते.

सिनेमा म्हणजे नाचगाण्याचा नव्हे हो. माणसांनी आजार आणि अपघात यांपासून कसे सांभाळून राहावे, हे सांगणारे छोटे छोटे बोलपट. पण त्यांत जे दाखवीत, ते पाहून मोठ्यांचीही बोबडी वळे.

एक होता नारूचा. आमच्याकडे पायऱ्यांच्या बारवा होत्या. बायका पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरीत. पडद्यावर एका माणसाच्या पोटरीला फोड दिसे, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा लांबच लांब जंत काडीला गुंडाळून हळूहळू बाहेर काढीत. तो तुटू द्यायचा नाही, म्हणून रोज थोडाथोडा. मग आवाज सांगे, पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्या. त्या रात्रीनंतर मी कित्येक दिवस बारवेच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवला नाही. पण भगिनींनो, हेही सांगायला हवे की तो नारू आता आपल्या देशात राहिलेला नाही. शेवटचा रोगी १९९६ साली सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. बारवांच्या जागी हातपंप आले, घरोघर फडकी वाटली गेली, आरोग्यसेवक उन्हातान्हात हिंडले. त्या भीतीच्या सिनेमांचाही त्यात खारीचा वाटा असेलच.

दुसरा होता स्टोव्हचा. पंप मारायचा पितळी स्टोव्ह, त्यात पेटता असतानाच रॉकेल ओतणारी बाई, आणि नायलॉनच्या साडीचा पदर. एवढे दाखवून एकदम भडका. नंतर पडद्यावर नुसत्या काळवंडलेल्या बांगड्या. आमच्या घरी अगदी तस्साच स्टोव्ह होता. महिनाभर मी आईचा पदर मागून ओढून तिच्या कमरेला खोचून देत असे. ती चिडायची, पण नंतर नंतर आपण होऊन खोचू लागली.

आणि तिसरा, सगळ्यांत भयंकर, तो पिसाळलेल्या कुत्र्याचा. खाटेवर एक माणूस निजलेला. त्याला कोणी तरी तांब्यातून पाणी देते. पाणी नुसते पाहूनच त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ होतात, डोळे फिरतात, आणि तो तांब्या भिरकावून देतो. मागून संथ आवाज येतो, की हा रोग एकदा अंगात उठला म्हणजे त्यावर उपाय नाही. उपाय आहे तो चावल्याबरोबर करायचा. लगेच एक लांबलचक सुई दिसे आणि एका मुलाचे उघडे पोट दिसे. चौदा सुया, तीही बेंबीच्या भोवती! त्या रात्री पटांगणात एकही पोर आवाज करीत नव्हते. यंत्राची किर्र किर्र तेवढी ऐकू येत होती.

माझी मुलगी कॉलेजात जाते. तिला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, हे काही तुमच्याच गावी नव्हते." आणि तिने मोबाईलवर मला इंग्लंडातला एक सिनेमा दाखवला. १९७३ सालचा, तिकडच्या सरकारी माहिती खात्याने काढलेला, दीड मिनिटाचा. मुलांनी खोल पाण्याशी खेळू नये म्हणून केलेला. काळा झगा पांघरलेली, तोंड नसलेली एक आकृती तळ्याच्या काठी उभी राहते आणि घोगऱ्या आवाजात बोलते. भाषा मला कळली नाही, पण भर दुपारी अंगावर काटा आला. तिकडची त्या वेळची मुले आता साठीकडे आली, तरी त्या आकृतीची आठवण अजून काढतात म्हणे. म्हणजे मुलांना भिववून शहाणे करायचे, हा सगळ्या जगाचाच रिवाज दिसतो.

आता काकींच्या ओसरीकडे येते.

काकींचे यजमान फौजेत होते. आमच्या आळीत पहिला टेलिव्हिजन त्यांनी आणला. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढे सरकत्या फळ्यांचे दार असलेला. धाब्यावर अँटेना, आणि ती फिरवायची सिंहगडाच्या रोखाने, कारण मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम सिंहगडावरच्या केंद्रावरून आमच्याकडे येत. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग एकाने धाब्यावर जायचे, दुसऱ्याने दारातून ओरडायचे, "आलं, आलं… गेलं!"

भीतीचा सिनेमा सुटला की आम्ही मुले घरी जात नसू. घरी अंधार असे, आणि घराच्या वाटेवर कुत्री असत. आम्ही सरळ काकींच्या ओसरीवर धाव घेत असू. काकींना मूलबाळ नव्हते. त्या काही विचारीत नसत. सतरंजी पसरीत, वर एक मोठी वाकळ टाकीत आणि टेलिव्हिजन लावीत. त्या वेळी हिंदी बातम्या लागलेल्या असत. आम्हांला हिंदी ओ की ठो कळत नसे. पण बातम्या सांगणारी बाई नीट साडी नेसलेली, केसांत फूल घातलेली असे, आणि तिच्या बोलण्यात कुठे घाई नसे. एवढे ऐकले की जगात सगळे जागच्या जागी आहे असे वाटे. संध्याकाळी लवकर गेलो तर 'आमची माती आमची माणसं' लागे. द्राक्षांवर औषध कसे मारावे ते ऐकत ऐकत माझा भाऊ काकींच्या मांडीवर कितीदा तरी झोपी गेला आहे. कार्यक्रम कोणता, याला आमच्या लेखी महत्त्वच नव्हते. निळसर उजेड, वाकळेचा वास आणि डोक्यावर काकींचा हात, याला महत्त्व होते.

आमच्या सर्वांत आवडीचे होते ते मात्र एक छोटे चित्र. दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की ते केव्हाही लावीत, त्यामुळे आम्ही त्याची वाटच पाहत असू. एक मोठी मुलगी लहान मुलांना एकीचे बळ समजावून सांगते, आणि जाळ्यात सापडलेली पाखरे मिळून जाळ्यासकट उडून जातात. 'एक अनेक और एकता' हे त्याचे नाव. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने काढलेले. ते विजया मुळे या आपल्या मराठी बाईंनी केलेले होते, हे मला फार उशिरा समजले. त्या बाई २०१९ साली, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रात वाचले. वाचून मला माझ्याच घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. त्यांच्या चित्रातही जाळे होतेच, म्हणजे संकट होतेच. पण पाखरे शेवटी सुटत, आणि आमचा जीव भांड्यात पडे.

आता ती बोच सांगते.

१९८८ सालचा जानेवारी महिना. कुत्र्याचा सिनेमा होऊन महिनाही झाला नव्हता. मी आणि भाऊ दुपारचे ओढ्यापलीकडे गेलो होतो. भट्टीवरच्या मुलांशी खेळायचे नाही, अशी आम्हांला घरून सक्त ताकीद होती. पण तिथे माझ्याच वयाची एक मुलगी होती, तिच्याशी माझी गट्टी जमली होती. भाजलेल्या मातीचे तव्या-परातीसारखे इवलेसे खेळ ती फार सुबक करी. त्या दिवशी तिच्याजवळ एक कुत्र्याचे पिल्लू होते, कुठून तरी आलेले, किरकिरणारे, तोंडातून लाळ गळणारे. ते पिल्लू माझ्या भावाच्या पिंढरीला चावले. फार नाही, दोन ठिपके उठले आणि थोडे रक्त आले. तिने पिल्लाला ओढून धरले, तेव्हा ते तिच्याही मनगटाला चावले. तिने हात परकराला पुसला आणि आम्ही पळालो.

भावाने मला आईची शपथ घातली. "ताई, सांगू नगंस. पोटात सुया टोचत्याल." मीही ते पोट आणि ती सुई पाहिलेली होती. मी सांगितले नाही. सिनेमाने आम्हांला सांगितले होते की लगेच दवाखान्यात जा. आमच्या मनात मात्र त्यातली सुईच काय ती राहिली.

तीन दिवस आम्ही दोघे मुक्यासारखे राहिलो. भावाने एक नवेच सुरू केले होते, ते मला ठाऊक होते. तो सारखा पाणी पिऊन पाहत होता. सिनेमातल्या माणसाला पाण्याची भीती वाटत होती ना? मग आपल्याला वाटते का, हे तो तपासत होता. रांजणापाशी जायचा, तांब्यात बघायचा, घटाघट प्यायचा आणि माझ्याकडे पाहून हसायचा. थोड्या वेळाने पुन्हा.

रविवार आला. रविवारी सकाळी साडेनवाला 'रामायण'. त्या मालिकेने तेव्हा सगळा देशच वेडा केला होता, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. आमची सारी आळी काकींच्या ओसरीवर जमे. काकी टेलिव्हिजनपुढे उदबत्ती लावीत. भट्टीवरची मुलेही येत, पण ती ओसरीच्या खिडकीबाहेर गज धरून उभी राहत. त्यांना आत या असे कोणी म्हणत नसे, आणि जा असेही कोणी म्हणत नसे.

रामायण संपले. माणसे उठली. आम्ही दोघे तिथेच, भाऊ काकींच्या मांडीशी. पडद्यावर ते पाखरांचे चित्र लागले. भाऊ उठला आणि काकींच्या माठातले पाणी प्यायला. बसला, पुन्हा उठला. तिसऱ्या खेपेला काकींनी त्याचा हात धरला. "आरं, किती पाणी पिशील? पोट फुटंल की." आणि त्याला जवळ ओढून घेतले. बस्स, एवढेच. त्याने काकींच्या पदरात तोंड खुपसले आणि हंबरडा फोडला. "काकी, मला पाणी पिता येतंया, मला पाणी पिता येतंया!"

सगळे बाहेर आले. काकींनी त्याला एक शब्दाने रागावले नाही. पाय हातात घेऊन पाहिला. मग माझ्याकडे वळून विचारले, "आनिक कोन व्हतं तितं?"

भगिनींनो, ती मुलगी त्या वेळी खिडकीत उभी होती. गज धरून पाखरांकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिले. भट्टीवर खेळायला गेलो होतो हे कळले तर आई पाठ सोलून काढील, एवढेच माझ्या मनात आले.

मी म्हणाले, "कोनी न्हाई."

तिने ते ऐकले की नाही, मला ठाऊक नाही.

पुढचे सगळे घाईत झाले. आजीने मिरची वाटायला घेतली, जखमेत भरायला. काकी म्हणाल्या, "आत्याबाई, शिनेमा आपन संगंच पाहिला न्हवं? मिरची लावू नका म्हनला त्यो." त्यांनी साबणाने आणि वाहत्या पाण्याने पाय पुन्हापुन्हा धुतला, माझ्या वडिलांना रानातून बोलावून घेतले आणि भावाला एस.टी.त बसवून दिले. तालुक्याच्या दवाखान्यात त्याला सुया सुरू झाल्या. रोज एक, अशा चौदा. रोज सकाळी वडिलांबरोबर जायचा, दुपारी पोट धरून यायचा आणि संध्याकाळी काकींच्या मांडीवर डोके ठेवून टेलिव्हिजन पाहायचा. तो आज दोन मुलांचा बाप आहे. पोटावर हात फिरवून तो पोरांना त्या सुयांच्या गमती सांगतो.

शिमग्याच्या सुमारास शाळेत गुरुजी दुसऱ्या गुरुजींना सांगत होते, ते मी ऐकले. भट्टीवरच्या एका मुलीला पाणी दाखवले की झटके येतात. तिला पुण्याला नेले. तिला परत आणले नाही. तिचे आईबाप हंगाम संपायच्या आतच निघून गेले. त्यांच्या खोपटापाशी भाजलेल्या मातीची इवली परात पडलेली होती, ती मी उचलून आणली आणि पुष्कळ दिवस लपवून ठेवली.

मी कोणाला बोलले नाही. आधी भीती होती आईच्या माराची. मग भीती होती आपण काय करून बसलो याची. पुढे सातवी झाली, शाळा सुटली, लग्न ठरले. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी काकींकडे गेले आणि सगळे सांगून टाकले. मला वाटले, त्या म्हणतील, तू लहान होतीस, विसरून जा. त्या कितीतरी वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पोरी, तू नव वर्षांची व्हतीस. म्या व्हते चाळिशीची. त्या दिशी मीबी खिडकीकडं पाहिलं व्हतं. तिच्या मनगटाला चिंधी बांधल्याली मला दिसली व्हती. म्या इचारलं न्हाई."

मी आज काकींच्या त्या वेळच्या वयाची झाले आहे, म्हणून हे बोलायला उभी राहिले.

पॅरिस शहरी पाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाने या रोगाची लस प्रथम एका मुलाला टोचली, ती १८८५ सालच्या जुलै महिन्यात. तो मुलगा नऊ वर्षांचा होता आणि तो वाचला. म्हणजे आमच्या गावच्या त्या पोरीला कुत्रे चावले तेव्हा औषध निघून शंभरावर वर्षे झाली होती. ते आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर होते. माझ्या भावाला मिळाले, तिला मिळाले नाही. सिनेमा दोघांनीही पाहिला होता. भीती दोघांनाही सारखीच वाटली होती. पण भावाला जवळ ओढून घ्यायला काकी होत्या, आणि ती खिडकीबाहेर होती.

आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलेली चार वाक्ये सांगते, ती कृपा करून लक्षात ठेवावीत. पोटातल्या सुया आता नाहीत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस २००४ सालच्या सुमारास आपल्याकडे बंद झाली. आता दंडात टोचतात, तीही चार-पाच वेळाच, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. कुत्रे, मांजर, माकड, कोणीही चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल काहीही भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि सांगितलेल्या तारखा एकही चुकवू नयेत. रक्त आले असेल तर जखमेत आणखी एक औषध टोचावे लागते, त्याचीही आठवण द्यावी. पिल्लू लहान आहे म्हणून सोडून देऊ नये. दिवस उलटून गेले असले तरी जावे. "आता काय उपयोग" असे म्हणून घरी बसू नये.

आता आपल्या मुलांविषयी थोडे. त्यांना भीती दाखवायला गावात जीप यावी लागत नाही. ती त्यांच्या हातातल्या मोबाईलमध्येच आहे. अपघात, आगी, मारामाऱ्या, काय काय ती पाहतात, आणि तेही एकेकटी, पांघरुणात तोंड घालून. आपण स्वयंपाकघरातून हाक मारतो, "पुरे कर तो मोबाईल!" आणि पुन्हा पोळीकडे वळतो. मीही हेच करीत होते. आमच्या वेळी सिनेमा पाहून आल्यावर निदान वाकळ होती. मी काही तो काळ चांगला होता असे म्हणत नाही. ज्या काळात एक पोर खिडकीबाहेर राहते, त्याला चांगला काळ कसे म्हणावे? पण ती ओसरी चांगली होती, आणि तशी ओसरी आपल्याला अजूनही करता येईल.

यंदा आपल्या मंडळाने देणगीतून मोठा पडदा आणि चित्रे दाखवायचे यंत्र घेतले आहे. महिन्यातून एकदा मुलांना उपयोगी चित्रे दाखवावीत, असा ठराव झाला आहे. त्या ठरावाला माझ्यासारख्या अडाणी बाईच्या तीन सूचना आहेत. पहिली, आगीचे, विजेचे, कुत्र्याचे जे काही दाखवायचे ते जरूर दाखवावे, पण त्यानंतर मुलांना लगेच घरी पाठवू नये. एखादे हसरे चित्र लावावे, चिवडा द्यावा, आणि आपण प्रत्येकीने दोन-दोन मुलांजवळ बसावे. दुसरी, त्या वेळी एखादे पोर काही सांगू लागले, तर "तिथे कशाला गेला होतास?" हा प्रश्न आपण सर्वांत शेवटी विचारावा.

तिसरी सूचना सांगते आणि संपवते. आपल्या सभागृहाशेजारी नव्या इमारतीचे काम चालू आहे. त्या मजुरांची मुले गेल्या महिन्यात आपला हळदीकुंकवाचा कार्यक्रम खिडकीतून पाहत होती. आपणा सर्वांना ती दिसली होती. चित्रे दाखवायची असतील त्या दिवशी मी चहा करणार नाही. चहा कोणी दुसरीने करावा. मी दारात उभी राहीन आणि त्या मुलांना आत आणून सतरंजीवर पुढे बसवीन. एवढी परवानगी मंडळाने मला द्यावी.